स्पेलिंग बरोबर, व्याकरण बरोबर, तरी इंग्रजी विशेषण चुकतंय? तपासायला कुठून सुरुवात करायची

पुण्यातल्या एका छोट्या भाषांतर कार्यालयात सोळा वर्षं मी इंग्रजी मजकूर तपासते आहे. नोकरीचे अर्ज, शिफारसपत्रं, संस्थांचे अहवाल, स्मरणिका, लहान कारखान्यांची माहितीपत्रकं असं काहीबाही येत असतं. लिहिणारे बहुतेक मराठी माध्यमातून शिकलेले, आपापल्या कामात पक्के. त्यांच्या कागदांवर माझ्या लाल पेनाची सर्वांत जास्त शाई खर्च होते ती विशेषणांवर. दोन जवळजवळचे शब्द असतात, हवा असतो एक आणि पडतो दुसरा. कॉम्प्युटर खाली लाल रेघ मारत नाही, कारण दोन्ही शब्द इंग्रजीत आहेतच.

लक्षणं

अर्जात ‘आय अ‍ॅम इंटरेस्टिंग इन धिस पोस्ट’ असं वाक्य दिसतं. निरागस, हसऱ्या मुलीच्या शिफारसपत्रात बाई प्रेमाने ‘चाइल्डिश’ लिहून जातात. कारखान्याच्या पत्रकात ‘अवर प्रॉडक्ट्स आर चीप’ असतं. अहवालात सरकारची ‘इकॉनॉमिकल पॉलिसी’ येते. हयात असलेल्या लेखकाला पत्र जातं, ‘वुई लव्हड युअर लास्ट बुक’.

आणखी एक लक्षण कागदावर दिसत नाही, उत्तरात दिसतं. तुम्ही एक विचारलेलं असतं आणि समोरचा दुसऱ्याच गोष्टीचं उत्तर देतो, किंवा उगाच सांत्वन करतो. असं झालं की आपलं पाठवलेलं पत्र काढून त्यातली विशेषणं आधी बघावीत.

याचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं. मराठीत जिथे एका शब्दात काम भागतं, तिथे इंग्रजीने दोन-तीन शब्द ठेवले आहेत. कधी उलटही असतं: मराठीत दोन स्वच्छ शब्द असतात, पण घाईत आपण त्यांच्याकडे बघत नाही. हा दुसरा प्रकार फुकटात दुरुस्त होतो, म्हणून सुरुवात तिथून.

पहिली तपासणी: वाक्य मराठीत मोठ्याने म्हणा

वेळ अर्धा मिनिट, खर्च शून्य. माझ्याकडे येणाऱ्या चुकांतला मोठा वाटा इथेच सुटतो.

‘काल्पनिक’ आणि ‘कल्पक’ यांत मराठी माणूस कधी घोळ करत नाही. ‘इमॅजिनरी’ म्हणजे काल्पनिक, ‘इमॅजिनेटिव्ह’ म्हणजे कल्पक. कल्पक आर्किटेक्टला ‘इमॅजिनरी’ म्हटलं, तर तो माणूस अस्तित्वातच नाही असा अर्थ होतो. ‘चाइल्डिश’ म्हणजे बालिश, ‘चाइल्डलाइक’ म्हणजे बालसुलभ, निरागस. ‘सेन्सिबल’ समंजस, ‘सेन्सिटिव्ह’ संवेदनशील किंवा हळवा. ‘अलोन’ एकटा, ‘लोन्ली’ एकाकी. एकटं राहणारी आजी एकाकी असेलच असं नाही, आणि भरल्या घरात माणूस एकाकी असू शकतो. ‘चीप’ या शब्दात स्वस्त आणि हलका हे दोन्ही अर्थ आहेत. गिऱ्हाइकासमोर आपल्या मालाला आपणच हलका म्हणू नये. तिथे ‘अफोर्डेबल’ किंवा ‘रीझनेबली प्राइस्ड’ लिहावं.

‘बोअर्ड’ आणि ‘बोअरिंग’ या जोडीसाठी मी मुलांना एक खूण देते, ती सहसा विसरली जात नाही. मराठी शब्दाचा शेवट ‘वाणा’, ‘कारक’, ‘जनक’, ‘दायक’ किंवा ‘णारा’ असा असेल, तर इंग्रजीत ‘इंग’. शेवट ‘लेला’ असेल, तर ‘एड’. कंटाळवाणा, निराशाजनक, दमवणारा: ‘बोअरिंग’, ‘डिसअपॉइंटिंग’, ‘टायरिंग’. कंटाळलेला, दमलेला: ‘बोअर्ड’, ‘टायर्ड’. चकित, निराश हे शब्दही ‘लेला’च्याच घरातले. अपवाद आहेतच. ‘समाधानकारक’ला बहुतेक वेळा ‘सॅटिस्फॅक्टरी’ बरा पडतो. पण दहापैकी नऊ ठिकाणी ही खूण तारून नेते.

ही चूक होते कशी, तेही सांगते, कारण ते कळलं की ती थांबते. आपण रोज म्हणतो ‘मला बोअर होतंय’, ‘मला इंटरेस्ट आहे’. या वाक्यांत ‘एड’ही नाही आणि ‘इंग’ही नाही. शेपूट मराठीनेच कापून टाकलंय. अर्ज लिहिताना ते परत जोडायची वेळ येते आणि हाताला येईल ते जोडलं जातं. म्हणून ‘मला इंटरेस्ट आहे’ असं मनात आणूच नका. ‘मी या कामाकडे ओढलेला आहे’ असं म्हणून बघा. मराठी म्हणून ते वाक्य बेढब आहे, पण ‘लेला’ दिसला की ‘इंटरेस्टेड’ आपोआप येतं.

दुसरी तपासणी: शब्द नामाच्या आधी आहे की नंतर

काही विशेषणं नामाच्या आधी बसतच नाहीत. ‘अस्लीप’, ‘अलाइव्ह’, ‘अलोन’, ‘अफ्रेड’ ही त्यातली नेहमीची. ‘अ‍ॅन अस्लीप चाइल्ड’ होत नाही, ‘अ स्लीपिंग चाइल्ड’ होतं. ‘अस्लीप’ आणि ‘अलाइव्ह’ यांच्या सुरुवातीचा ‘अ’ हा जुन्या इंग्रजीतल्या ‘ऑन’चा झिजलेला अवशेष आहे. म्हणजे मुळात हे शब्द ‘झोपेत’सारखे आहेत. आपणही ‘मूल झोपेत आहे’ म्हणतो, पण ‘झोपेत मूल’ म्हणत नाही. तिथे ‘झोपलेलं मूल’ लागतं. कान आपल्याकडे आहे, फक्त तो वापरायचा. ‘इल’चंही तसंच: ‘द चाइल्ड इज इल’ चालतं, नामाच्या आधी मात्र ‘सिक चाइल्ड’. ब्रिटनमध्ये ‘ही वॉज सिक’चा अर्थ त्याला उलटी झाली असा घेतला जातो, तेवढं ध्यानात असू द्या.

‘एल्डर’ फक्त नात्यात आणि फक्त नामाच्या आधी: ‘माय एल्डर ब्रदर’. त्याच्यापुढे ‘दॅन’ येत नाही. ‘ही इज ओल्डर दॅन मी’. जीव टांगणीला लागत असेल तर दोन्हीकडे ‘ओल्डर’ वापरा. अमेरिकेत तेच रूढ आहे, ब्रिटनमध्येही कुणी चूक म्हणणार नाही.

आपल्या ‘पेक्षा’मुळे सगळीकडे ‘दॅन’ घुसतो. ‘सीनिअर’, ‘ज्युनिअर’, ‘सुपीरिअर’, ‘इन्फीरिअर’ हे लॅटिनमधून आयते आलेले तुलनेचे शब्द आहेत, त्यांना ‘टू’ लागतो.

तिसरी तपासणी: ‘अ’ आहे का, आणि मराठीत ‘च’ आहे का

‘फ्यू’ आणि ‘अ फ्यू’, ‘लिटल’ आणि ‘अ लिटल’. फरक एका अक्षराचा, पण सगळ्यांत जास्त त्रास मी यानेच झालेला पाहिलाय. आमच्या ओळखीच्या एक काकू दवाखान्यातून त्यांच्या अमराठी सुनेला मेसेज लिहीत होत्या: ‘डॉक्टर सेज देअर इज लिटल होप’. त्यांना म्हणायचं होतं, थोडी आशा आहे. सुनेने वाचलं, आशा जवळजवळ नाही. ती रडत विमानतळावर निघाली.

पुस्तकात याचे नियम लांबलचक दिलेले असतात. मराठीत याची चावी आहे ती ‘च’. ‘थोडेच मित्र आहेत’, ‘मोजकेच लोक आले’, ‘आशा थोडीच आहे’: जिथे ‘च’ बसतो आणि कमतरता सांगायची असते, तिथे नुसतं ‘फ्यू’ किंवा ‘लिटल’. ‘थोडे मित्र आहेत की’, ‘काही लोक आले’, ‘थोडीशी आशा आहे’: जिथे असण्यावर भर आहे, तिथे ‘अ’ हवा. मोजता येणाऱ्या गोष्टींना ‘फ्यू’, न मोजता येणाऱ्यांना ‘लिटल’.

चौथी तपासणी: मराठीत एकच शब्द असेल तर स्वतःला एक प्रश्न विचारा

आता खरं अवघड काम. इथे मराठीत परत वाचून उपयोग नाही, कारण मराठी फरकच करत नाही. प्रत्येक शब्दासाठी वेगळा प्रश्न लागतो. माझ्या कामात रोज लागणारे सांगते.

‘ऐतिहासिक’. २०२५ च्या जुलैमध्ये मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारशात गेले, अकरा महाराष्ट्रातले आणि तामिळनाडूतला जिंजी. त्यानंतर किल्ल्यांवरचा मजकूर भाषांतराला आला की एकाच परिच्छेदात ऐतिहासिक निर्णय, ऐतिहासिक किल्ले आणि ऐतिहासिक कागदपत्रं अशी तिन्ही भेटतात. प्रश्न विचारायचा: या गोष्टीने इतिहास घडवला, की ती इतिहासाबद्दल सांगते? घडवला असेल, इतिहासात मोलाची असेल, तर ‘हिस्टॉरिक’. नुसती इतिहासाशी संबंधित असेल तर ‘हिस्टॉरिकल’. निर्णय ‘हिस्टॉरिक’. ६ जून १६७४ चा रायगडावरचा राज्याभिषेक ‘हिस्टॉरिक’, १ मे १९६० हा दिवस ‘हिस्टॉरिक’. मोडीतली कागदपत्रं ‘हिस्टॉरिकल’, कादंबरी ‘हिस्टॉरिकल’, संशोधन ‘हिस्टॉरिकल’. आणि किल्ले? रायगड ‘हिस्टॉरिक’च म्हणावा. एखाद्या साध्या जमाखर्चाच्या कागदाला ‘हिस्टॉरिक’ लिहिलं, तर त्या कागदाने जग बदललं असं सांगितल्यासारखं होतं, आणि वाचणारा अभ्यासक तिथेच थबकतो.

‘आर्थिक’. ‘इकॉनॉमिक’ म्हणजे अर्थव्यवस्थेशी संबंधित, ‘इकॉनॉमिकल’ म्हणजे काटकसरीचा, कमी खर्चात भागणारा. गाडी ‘इकॉनॉमिकल’, धोरण ‘इकॉनॉमिक’. माझ्या अनुभवात इथे गोंधळ घालतं ते क्रियाविशेषण. ‘आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक’ याचं इंग्रजी ‘इकॉनॉमिकली वीकर सेक्शन’ हे दाखल्यावर सगळ्यांनी वाचलेलं असतं. त्याच्या इंग्रजी स्पेलिंगमधली शेवटची दोन अक्षरं, एल आणि वाय, काढली की ‘इकॉनॉमिकल’ उरतं, आणि माणूस तेच आर्थिक म्हणून वापरतो. पण दोन्ही विशेषणांचं क्रियाविशेषण ‘इकॉनॉमिकली’ असंच होतं. ‘हिस्टॉरिकली’चंही तेच. म्हणून क्रियाविशेषणावरून मागे जाऊन विशेषण शोधू नये. आणि घरातली, माणसाची पैशाची अडचण असेल तर या दोन्हींपेक्षा ‘फायनान्शिअल’ नेमका.

‘उंच’. प्रश्न असा: ही गोष्ट स्वतः उंच वाढलेली आहे, की ती उंचावर आहे? पतंग उंच जातो, पण पतंग काही उंच नसतो. उंचावर असणं नेहमी ‘हाय’. स्वतःच्या पायावर उभी, रुंदीच्या मानाने लांब गोष्ट ‘टॉल’: माणूस, झाड, मनोरा, इमारत. भिंत आणि कुंपण रुंद पसरतात म्हणून ‘हाय’. डोंगरालाही रूढीने ‘हाय’च. १६४६ मीटरचं कळसूबाई हे महाराष्ट्रातलं ‘हायेस्ट’ शिखर. माणसाला ‘हाय’ म्हणण्याची चूक मात्र आवर्जून टाळा. ‘माय ब्रदर इज हाय’ याचा अर्थ भाऊ नशेत आहे.

‘शेवटचा’. यानंतर आणखी येऊ शकतं का? येऊ शकत असेल तर ‘लेटेस्ट’, किंवा ‘मोस्ट रीसेंट’. येणारच नसेल तर ‘लास्ट’ किंवा ‘फायनल’. ‘लास्ट’चा ‘मागचा’ हा अर्थही आहे, म्हणून ‘लास्ट वीक’ निर्धोक आहे, पण लेखकाच्या पुस्तकाला किंवा गायकाच्या मैफलीला तो लावू नये. आपण त्यांची कारकीर्द संपवून टाकतो.

‘मोठा’. हा सगळ्यांत पसरलेला शब्द. मोठा भाऊ ‘एल्डर’, मोठा आवाज ‘लाउड’, मोठा पाऊस ‘हेवी’, मोठा माणूस ‘ग्रेट’ (‘बिग मॅन’ बहुधा अंगाने थोराड). घर ‘बिग’ही आणि ‘लार्ज’ही; ‘लार्ज’ थोडा औपचारिक. संख्या, रक्कम, प्रमाण आलं की लेखनात ‘लार्ज’. चूक किंवा निर्णय मोठा असेल तर ‘बिग’. आनंद, काळजी, आदर अशा न दिसणाऱ्या गोष्टींना ‘ग्रेट’. इथे मराठीतच एक पायरी मध्ये घाला: मोठा म्हणजे आकाराने, वयाने, मानाने, की जोराने? उत्तर आलं की इंग्रजी शब्द जवळ येतो.

‘फार्दर’ आणि ‘फर्दर’ यांच्यावर लोक माझ्याशी तावातावाने वाद घालतात. अंतरासाठी ‘फार्दर’ हा अमेरिकन संपादकांचा आग्रह आहे. ब्रिटिश लेखनात अंतरालाही ‘फर्दर’ सर्रास असतो. यात वेळ घालवू नका.

पाचवी तपासणी: मराठीत राहायला आलेले इंग्रजी शब्द

जे इंग्रजी विशेषण आपण मराठी बोलताना वापरतो, त्यावर सर्वांत कमी शंका घेतली जाते. म्हणून ते मुद्दाम तपासावं.

‘पेशंट सीरिअस आहे’ हे मराठीत पक्कं वाक्य आहे. इंग्रजीत ‘ही इज सीरिअस’ म्हटलं तर तो थट्टा करत नाहीये असं ऐकू जातं. ‘सीरिअसली इल’ लिहा.

‘होमली’ तर लग्नाच्या मजकुरात अजून येतो. आपल्याकडे त्याचा अर्थ घरगुती वळणाची. ब्रिटनमध्ये साधं, घरपण असलेलं. अमेरिकेत तो दिसण्याला लावला तर फारशी सुंदर नाही असा अर्थ होतो. स्थळ न्यू जर्सीचं असेल, तर मुलीच्या आईबापांनीच तिच्याबद्दल असं लिहिलेलं पोचतं. माझ्या हातातून जाणाऱ्या प्रत्येक परिचयपत्रातून मी तो शब्द काढते.

‘इन्फ्लेमेबल’. टँकरच्या मागे लिहिलेलं आपण वाचतो, आणि ‘इन’ म्हणजे नकार असं शाळेत शिकलेलो असतो. पण ‘इन्फ्लेमेबल’ आणि ‘फ्लेमेबल’ यांचा अर्थ एकच: सहज पेट घेणारं. हा ‘इन’ नकाराचा नाही, ‘आत’ अशा अर्थाचा आहे. गैरसमजाने जीव जाऊ नये म्हणून अमेरिकेतल्या अग्निसुरक्षा संस्थेने १९२० च्या दशकातच ‘फ्लेमेबल’ वापरण्याचा आग्रह धरला. कारखान्यातल्या पाट्या लिहिताना तोच वापरा. न पेटणाऱ्यासाठी ‘नॉनफ्लेमेबल’. ‘इन्व्हॅल्युएबल’ही असाच फसवतो. तो अनमोल आहे, कवडीमोल नाही.

सहावी तपासणी: शब्दकोश, आणि शब्दांची सोबत

याला वेळ लागतो, म्हणून इतक्या उशिरा. इंग्रजी-मराठी कोश इथे अपुरा पडतो; दोन्ही शब्दांपुढे तोच मराठी अर्थ असतो, आणि आपण होतो तिथेच राहतो. इंग्रजी-इंग्रजी, विद्यार्थ्यांसाठी केलेला, उदाहरणवाक्यं असलेला कोश घ्या. अर्थ नंतर, आधी वाक्यं वाचा.

का, ते ‘कडक’वरून कळेल. कडक चहा ‘स्ट्रॉन्ग’, कडक मास्तर ‘स्ट्रिक्ट’, कडक भाकरी ‘हार्ड’, कडक शिक्षा ‘सिव्हिअर’. पाऊस ‘हेवी’, वारा ‘स्ट्रॉन्ग’, ताप ‘हाय’. यामागे तर्क शोधून मिळत नाही. कोणत्या नामाशेजारी कोणतं विशेषण बसतं ही त्या भाषेची सवय आहे, जशी ‘कडक इस्त्री’ ही आपली. सवय फक्त वाचून कळते. ब्रिटिश नॅशनल कॉर्पस या सुमारे दहा कोटी शब्दांच्या संग्रहात नाम घालून त्याच्या आधी कोणती विशेषणं येतात ते शोधता येतं. दोन पर्याय घालायचे, कोणता शेकड्यांनी येतो ते बघायचं. एकही उदाहरण मिळालं नाही तर ती जोडी सोडून द्यायची.

इथे थांबा

काही कागदांवर मी स्वतः पेन खाली ठेवते. तुम्हीही ठेवा.

कर्जाचे आणि जामीनकीचे कागद. ‘जॉइंट अँड सेव्हरल लायबिलिटी’ यात ‘सेव्हरल’ म्हणजे अनेक नव्हे. त्याचा अर्थ प्रत्येकाची स्वतंत्र, म्हणजे बँक एकट्या तुमच्याकडून पूर्ण रक्कम मागू शकते. मराठी कागदात ‘संयुक्तपणे व पृथक्‌पणे’ असतं ते हेच. तसंच ‘व्हॉइड’ आणि ‘व्हॉइडेबल’: १८७२ च्या भारतीय करार कायद्यात हे दोन वेगळे आहेत. पहिल्याची कायद्याने अंमलबजावणीच होत नाही; दुसरा, ज्या पक्षाला कायद्याने तो हक्क दिला आहे त्याने ठरवलं तरच मोडतो. साक्षीदार ‘डिसइंटरेस्टेड’ असेल तर त्याचा त्यात स्वार्थ नाही; त्याला कंटाळा आलाय असं नाही. हे कोशातून ठरवायचं काम नाही. वकिलाकडे जा, सही करण्याच्या आधी.

वैद्यकीय कागद. ‘अ‍ॅक्यूट’ आणि ‘सिव्हिअर’ दोन्हींसाठी आपल्याकडे ‘तीव्र’ लिहिलं जातं. पण ‘अ‍ॅक्यूट’ म्हणजे अचानक सुरू झालेलं, ‘क्रॉनिक’ म्हणजे दीर्घकाळचं, आणि ‘सिव्हिअर’ म्हणजे जोराचं. अचानक आलेलं दुखणं सौम्य असू शकतं आणि जुनं दुखणं भयंकर. दुसऱ्या डॉक्टरचं मत घेण्यासाठी परदेशी कागद पाठवायचे असतील, तर मूळ अहवाल जसाच्या तसा पाठवा आणि भाषांतर वैद्यकीय मजकुराची सवय असलेल्या माणसाकडूनच करून घ्या.

छापायला जाणारं पुस्तक, परदेशी विद्यापीठाचा अर्ज, पेटंटचा मसुदा, यांनाही शेवटचा हात व्यावसायिक संपादकाचा लागू द्या. त्याच्याकडे जाताना फक्त इंग्रजी मजकूर देऊ नका. सोबत मराठी मूळ द्या, ते नसेल तर ज्या वाक्यांबद्दल शंका आहे तिथे समासात मराठीत लिहा की तुम्हाला काय म्हणायचं होतं. ‘लिटल होप’च्या शेजारी ‘थोडी आशा आहे’ असं पेन्सिलीने लिहिलेलं असेल, तर तो ‘अ’ घालायला संपादकाला दोन सेकंद लागतात. तसं लिहिलेलं नसेल, तर ते वाक्य चुकलंय हे त्यालाही कळायचा मार्ग नसतो.